बारा रुपयांचा मास्तर

जोतीराव फुल्यांनी १९ ऑक्टोबर १८८२ रोजी हंटर शिक्षण आयोगापुढे जे निवेदन ठेवले, त्याचा उल्लेख शिक्षणावरच्या प्रत्येक भाषणात होतो. बारा वर्षांपर्यंतच्या मुलांना प्राथमिक शिक्षण सक्तीचे करा, ही त्यातली मागणी शाळकरी मुलांनाही माहीत असते. त्याच निवेदनात एक रोकडा आकडा आहे, तो मात्र भाषणांत येत नाही. गावच्या शाळेतल्या शिक्षकाला महिना बारा रुपयांहून कमी पगार नको, मोठ्या गावात तो पंधरा-वीस रुपये असावा, असे फुल्यांनी आयोगाला सांगितले होते. चांगला माणूस या कामाकडे यावा आणि आलेला टिकावा, एवढ्यासाठी.

फुल्यांचा हिशेब सरळ होता. सरकारची तिजोरी कुणब्याच्या शेतसाऱ्यावर भरते आणि तिच्यातला शिक्षणाचा पैसा वरच्या वर्गांच्या उच्च शिक्षणावर जातो. वर शिक्षण मुरले की ते आपोआप खाली झिरपेल, अशी त्या काळच्या इंग्रज अधिकाऱ्यांची समजूत होती. झिरपलेले कोणी पाहिले होते, हा फुल्यांचा सवाल होता. अभ्यासक्रमात काय असावे तेही त्यांनी सांगून टाकले. मोडी आणि बालबोध लिहिता-वाचता येणे, हिशेब, थोडा इतिहास-भूगोल, व्याकरण, शेतीची प्राथमिक माहिती, नीती आणि आरोग्याचे काही धडे. शेतकऱ्याच्या पोराला आयुष्यात काय लागते हे ठाऊक असलेल्या माणसाची ती यादी आहे.

त्यानंतरच्या जवळजवळ दीडशे वर्षांत या देशात शिक्षणावर पुष्कळ अहवाल लिहिले गेले. खोटे कशाला बोला, बहुतेक चांगले लिहिले गेले. १९६८, १९८६ आणि २०२० ची राष्ट्रीय धोरणे एका बैठकीत वाचून काढली तर वाचणाऱ्याला वाटेल, या देशाला शिक्षणाचे महत्त्व पटवून देण्याची काही गरजच नाही. पण पहिलीच्या वर्गात उभ्या राहणाऱ्या माणसाला पगार किती, तो वर्षातले किती दिवस खरोखर शिकवणार आणि एका शाळेला अशी माणसे किती, हे तीन प्रश्न निघाले की घोडे पेंड खाते. देशाच्या विकासाचे गाडे अडले आहे ते याच तीन प्रश्नांपाशी. बाकीच्या चर्चा, त्यात भाषेची आली, परीक्षेची आली आणि टॅबलेटचीही आली, या तिघांची उत्तरे मिळाल्यावर करायच्या आहेत.

पैशाची सबब फार जुनी आहे. बडोद्यात सयाजीराव गायकवाडांनी १८९३ मध्ये अमरेली भागात सक्तीच्या शिक्षणाचा प्रयोग केला आणि १९०६ मध्ये तो संस्थानभर नेला. हा दाखला समोर ठेवून गोपाळ कृष्ण गोखल्यांनी मार्च १९११ मध्ये केंद्रीय कायदेमंडळात प्राथमिक शिक्षणाचे विधेयक मांडले. मागणी किती माफक! सरसकट सक्ती नव्हतीच. ज्या स्थानिक संस्थांची तयारी असेल त्यांना ती करण्याची मुभा असावी, एवढेच. वर्षभराने मतदान झाले आणि विधेयक ३८ विरुद्ध १३ मतांनी पडले. पाच वर्षांनी कोल्हापुरात शाहू महाराजांनी सक्तीचा कायदा केला आणि मुलाला शाळेत न धाडणाऱ्या पालकाला महिना एक रुपया दंड ठेवला. साम्राज्याला जे परवडत नव्हते ते करवीरसारख्या संस्थानाला परवडले, याचा अर्थ लावायला अर्थशास्त्राची पदवी लागत नाही.

स्वातंत्र्यानंतर राज्यघटनेच्या ४५ व्या कलमाने मुदत घातली. चौदा वर्षांपर्यंतच्या सर्व मुलांसाठी मोफत आणि सक्तीचे शिक्षण, दहा वर्षांच्या आत. म्हणजे १९६०. खरगपूरची आयआयटी १९५१ मध्ये उभी राहिली, पवईची १९५८ मध्ये. त्या झाल्या आणि उत्तम झाल्या. शिक्षणहक्क कायदा लागू व्हायला मात्र १ एप्रिल २०१० उजाडले. घटनेने दिलेली तारीख उलटून पन्नास वर्षे झाली होती. आयआयटी नको होत्या असे कोणी शहाणा माणूस म्हणणार नाही. पण नव्या देशाला घाई कशाची होती, ते या तारखा सांगतात. झिरपण्याचा सिद्धांत इंग्रजांबरोबर बोटीत बसून गेला नाही.

या कहाणीतला एक मराठी माणूस सहसा विसरला जातो. जे. पी. नाईक, म्हणजे जयंत पांडुरंग नाईक, आजरा तालुक्यातल्या बहिरेवाडीचे. १९६४ ते ६६ मध्ये डॉ. दौलतसिंह कोठारींच्या अध्यक्षतेखाली जो शिक्षण आयोग काम करत होता, त्याचे ते सदस्य-सचिव. एका वस्तीतल्या सगळ्या मुलांनी, मग ती बंगल्यातली असोत की झोपडीतली, जवळच्या एकाच शाळेत जावे, ही शेजारशाळेची कल्पना त्याच अहवालात आहे. राष्ट्रीय उत्पन्नाच्या सहा टक्के रक्कम १९८५-८६ पर्यंत शिक्षणावर खर्च व्हावी, हा आकडाही तिथलाच. पुढे १९७५ मध्ये नाईकांनी समता, गुणवत्ता आणि संख्या या तिघांवर एक पुस्तक लिहिले आणि हा हाती न लागणारा त्रिकोण आहे, असे त्याच्या नावातच सांगून टाकले. आयोगाचा अहवाल देऊन तेव्हा दहा वर्षेही झाली नव्हती.

सहा टक्क्यांचे पुढे काय झाले? १९६८ च्या धोरणात ते आले. १९८६ च्या धोरणात आले. २०२० च्या धोरणातही आले, आणि २०१७-१८ मध्ये केंद्र व राज्ये मिळून होणारा खर्च ४.४३ टक्के होता अशी नोंदही त्याच धोरणात आहे. घरातला एखादा दागिना दर लग्नात पेटीतून काढावा, मिरवावा आणि पुन्हा पेटीत ठेवावा, तसा हा आकडा झाला आहे.

दक्षिण कोरियाचे उदाहरण देऊन देऊन गुळगुळीत झाले आहे, तरी त्यातली एक गोष्ट इथे कामाची आहे. १९५३ मध्ये युद्ध थांबले तेव्हा तो देश भारतासारखाच गरीब होता आणि वर बेचिराख झालेला. १९५४ मध्ये त्यांनी सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाची योजना हाती घेतली आणि दशक संपता संपता प्राथमिक वयाची जवळपास सगळी मुले शाळेत आणली. एकेका वर्गात साठ-सत्तर मुले, शाळा पाळ्यांत भरायच्या. थाटमाट काही नव्हता. आधी तळ, मग माध्यमिक, मग विद्यापीठ, हा क्रम त्यांनी मोडला नाही. कोरियाला जमीन सुधारणांचा आणि अमेरिकेच्या मदतीचा आधार होता, तिथे पुढे हुकूमशाहीही आली, हे सगळे खरे. पण कारखान्यांना कामगार लागले तेव्हा सूचना वाचून यंत्र चालवणारी एक अख्खी पिढी तिथे तयार होती. भारताकडे त्याच वेळी उत्तम अभियंते होते आणि त्यांच्या हाताखाली अंगठा उठवणारे कामगार.

इथे काहीच झाले नाही असे म्हणणे मात्र अन्यायाचे ठरेल. १९५१ च्या जनगणनेत देशातले शंभरातले अठरा लोक साक्षर होते. २०११ मध्ये चौऱ्याहत्तर. १९८६ च्या धोरणातून खडू-फळा मोहीम आली आणि निदान दोन खोल्या, दोन शिक्षक हे शाळेचे किमान माप ठरले. सर्व शिक्षा अभियानाने २००१ नंतर वाड्या-वस्त्यांपर्यंत इमारती नेल्या. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर शिजवलेले अन्न शाळेत मिळू लागले आणि खिचडीच्या वासाने पटसंख्येला जे बळ दिले ते परिपत्रकांना देता आले नव्हते. मुली शाळेत आल्या, टिकल्या. हे काम खऱ्या लोकांनी पावसापाण्यात केलेले आहे.

मात्र ते ज्यांनी केले त्यांना काय मिळाले, तेही पाहायला हवे. महाराष्ट्रात गावापासून दूरच्या वस्त्यांवर वस्तीशाळा निघाल्या तेव्हा तिथे शिकवणाऱ्यांना ‘निमशिक्षक’ असे नाव दिले गेले. मानधन महिना हजार रुपये. निम्म्या माणसाला निम्मा पगार, असाच तो शब्द उच्चारताना वाटतो. त्यांना पूर्ण शिक्षक व्हायला एक तप उलटावे लागले. दुसरीकडे २००० पासून नियमित भरतीतही पहिली तीन वर्षे ‘शिक्षणसेवक’ म्हणून काढण्याचा नियम आला. २०१२ पासून प्राथमिकच्या शिक्षणसेवकाला महिना सहा हजार मिळत होते आणि ते तसेच दहा वर्षांहून जास्त काळ राहिले. २०२३ मध्ये सोळा हजार झाले. फुल्यांनी ज्याला बारा रुपयांखाली नको म्हटले होते, तो माणूस हा.

मधल्या काळात आणखी एक उलथापालथ झाली. ऑक्टोबर २०११ मध्ये राज्यभर एकाच वेळी पटपडताळणी झाली, मुलांच्या बोटाला शाई लावून. लाखो नावे नुसती हजेरीपटावर असल्याचे निघाले. लबाडी संस्थाचालकांची, शिक्षा झाली ती भरतीला. २०१२ पासून शिक्षकभरती थांबली ती कित्येक वर्षे. बारावीला चांगले गुण मिळवणारी खेड्यातली मुले, विशेषतः मुली, एके काळी डी.एड.साठी रांगा लावत. भरती थांबली तशी ती कॉलेजे ओस पडत गेली. पुढे २०२१ मध्ये शिक्षक पात्रता परीक्षेतला गुणवाढीचा गैरव्यवहार उघडकीस आला आणि परीक्षा घेणाऱ्या परिषदेच्या प्रमुखालाच अटक झाली. हुशार मुलाने शिक्षक व्हायचे का, याचे उत्तर त्या मुलाला अशा बातम्यांतून मिळते. धोरणाच्या दस्तऐवजात ‘शिक्षक हा परिवर्तनाचा केंद्रबिंदू’ असे लिहिलेले त्याच्या वाचनात येत नाही.

आता २०२० च्या धोरणाकडे यावे. २९ जुलै २०२० रोजी केंद्राने ते मंजूर केले, चौतीस वर्षांनी आलेले नवे धोरण म्हणून त्याचा गाजावाजा झाला. चर्चा झाली ती ५+३+३+४ या नव्या रचनेची, पदवीच्या चौथ्या वर्षाची आणि परदेशी विद्यापीठांची. त्यातला सर्वांत प्रामाणिक भाग मात्र दुसऱ्याच पानांवर आहे. पाच कोटींहून अधिक मुले प्राथमिक शाळेत असूनही त्यांना साधा मजकूर वाचता येत नाही, साधी बेरीज-वजाबाकी येत नाही, ही कबुली तिथे आहे. हे दुरुस्त झाल्याशिवाय उरलेल्या धोरणाला मुलांच्या दृष्टीने अर्थ नाही, असेही तिथे मान्य केले आहे. सरकारी कागदावर इतकी स्वच्छ कबुली क्वचित सापडते. मुदत होती २०२५. मध्ये करोना आला, शाळा दीड-दोन वर्षे बंद राहिल्या; ५ जुलै २०२१ रोजी त्यासाठीच ‘निपुण भारत’ अभियान सुरू झाले आणि मुदत २०२६-२७ वर गेली.

काम कुठवर आले? १९९५ मध्ये मुंबईच्या वस्त्यांतून काम सुरू केलेली ‘प्रथम’ ही संस्था २००५ पासून ‘असर’ नावाची पाहणी करते. पद्धत साधी आहे. कार्यकर्ते खेड्यातल्या घरी जातात, मुलाच्या हातात एक कागद देतात. त्यावर अक्षरे, शब्द, चार ओळींचा परिच्छेद आणि दुसरीच्या पातळीची एक गोष्ट. मूल जिथवर वाचते तिथवरची नोंद. २०२४ च्या पाहणीत देशातल्या ग्रामीण भागात तिसरीतल्या शंभर मुलांपैकी सत्तावीस मुलांना ती दुसरीची गोष्ट वाचता आली. २०२२ मध्ये हे प्रमाण वीसच होते, म्हणजे सुधारणा झाली. पण २०१८ मध्येही ते सत्तावीसच होते. करोनाने पाडलेला खड्डा बुजला आणि गाडी मूळ पदावर आली. पाचवीत पोहोचलेल्या निम्म्याहून थोड्या अधिक मुलांना तीच गोष्ट अजून वाचता येत नव्हती.

हा आकडा शाळेच्या भिंतीत राहत नाही. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसेक शेतकरी-शेतमजूर दगावले. कारणे अनेक होती: दाट वाढलेली पऱ्हाटी, औषधांची मिश्रणे, हातमोजे-मास्क नसणे, बाजारातली बेबंद विक्री. पण बाटलीला चिकटवलेल्या घडीच्या कागदावर मुंगीएवढ्या अक्षरांत छापलेले धोके वाचून सांगणारा माणूस त्या बांधावर किती जणांना उपलब्ध होता? शेती आणि आरोग्य हे दोन विषय फुल्यांच्या एकाच यादीत होते.

तीन ते आठ वर्षांचा काळ पायाभरणीचा, हे नव्या धोरणाने नव्याने शोधल्यासारखे सांगितले. महाराष्ट्राला त्याची ओळख १९४५ पासूनची आहे. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डीत ग्राम बाल शिक्षा केंद्र काढले आणि १९५७ मध्ये त्या कोसबाडच्या टेकडीवर वारल्यांच्या मुलांत गेल्या. माँटेसोरीची महागडी साधने परवडत नव्हती, तेव्हा शंख-शिंपले, बिया, पाने, काड्या यांतून साधने केली. मुले बालवाडीत येत नाहीत असे दिसल्यावर त्यांच्या अंगणात जाऊन बसल्या; ‘अंगणवाडी’ हा देशभर गेलेला शब्द त्या अंगणातला. गुरे राखायला जाणाऱ्या मुलांसाठी त्यांनी कुरणातच शाळा भरवली आणि तिला कुरणशाळा म्हटले. मूल शाळेत येत नसेल तर शाळेने मुलाकडे जावे, हा विचार त्यांनी कोणत्याही धोरणाची वाट न पाहता अमलात आणला.

आज त्याच अंगणवाड्यांवर नव्या धोरणातल्या पायाभूत टप्प्याचा भार आहे. तिथली सेविका वजनकाटा सांभाळते, लसीकरणाला बाया बोलावते, पोषण आहार वाटते, मोबाइलवर माहिती भरते आणि उरलेल्या वेळात देशाचा पाया घालते. डिसेंबर २०२३ मध्ये राज्यातल्या सेविका-मदतनीस संपावर गेल्या, जवळपास पन्नास दिवस अंगणवाड्यांना कुलुपे राहिली. तेव्हा सेविकेचे मानधन महिना दहा हजार होते. मानधन म्हणायचे, पगार म्हणायचे नाही, ही शासकीय मराठीची खास खुबी.

आणि वेळ? शिक्षणहक्क कायद्याचे २७ वे कलम सांगते की शिक्षकाला अशैक्षणिक काम देऊ नये. अपवाद जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणूक. या अपवादाच्या फटीतून अख्खी बैलगाडी जाते. मतदारयादीचे काम बीएलओ म्हणून वर्षभर चालू असते. त्याच्या जोडीला यू-डायस या सरकारच्या शालेय माहिती-प्रणालीत भरायची माहिती, आधार जुळवणी, खिचडीचा तांदूळ-डाळ यांचा रोजचा हिशेब, शिष्यवृत्तीचे अर्ज, बांधकामाची देयके, ‘आजचा उपक्रम’ म्हणून पाठवायचे फोटो. केंद्रप्रमुखाचा निरोप दुपारी बाराला येतो आणि माहिती एकपर्यंत हवी असते. दोन शिक्षकी शाळेत एक मास्तर तालुक्याला गेला की दुसऱ्याकडे चार इयत्ता. एकशिक्षकी शाळेत तर विचारायलाच नको. यू-डायसच्याच २०२४-२५ च्या माहितीप्रमाणे देशात एक लाख चार हजारांवर शाळा एकशिक्षकी आहेत आणि त्यांत तेहतीस लाखांवर मुले शिकतात. महाराष्ट्र या यादीत तळाला नाही. अशा आठ हजारांवर शाळा इथे आहेत.

अशा वेळी सरकारचे लक्ष कशात गुंतलेले असते? २०२३ मध्ये पाठ्यपुस्तकांत वह्यांची कोरी पाने घालण्यात आली, दप्तराचे ओझे कमी व्हावे म्हणून. दोन वर्षांत ती पाने काढण्यात आली. २०२४ मध्ये ‘एक राज्य एक गणवेश’ आले. कापड राज्य पातळीवर घेऊन शिलाई बचत गटांकडे. स्वातंत्र्यदिन उलटला तरी अनेक गावांत मुलांच्या अंगावर जुनेच कपडे होते, आणि आले त्यांतले पुष्कळ मापात बसेनात. डिसेंबरमध्ये तो अधिकार पुन्हा शाळा व्यवस्थापन समित्यांकडे गेला. गावचा शिंपी मुलाचे माप घेतो, मंत्रालय घेऊ शकत नाही, हे कळायला एक शैक्षणिक वर्ष खर्ची पडले.

मग भाषेचे. १६ एप्रिल २०२५ च्या शासन निर्णयाने पहिलीपासून हिंदी ही तिसरी भाषा सक्तीची केली. १७ जूनला शब्द मवाळ झाले, २९ जूनला दोन्ही निर्णय मागे घेऊन डॉ. नरेंद्र जाधवांची समिती नेमली गेली. विरोध योग्यच होता. सहा वर्षांच्या मुलावर तीन भाषा लादण्याला शिक्षणशास्त्राचा आधार नाही, आणि मातृभाषेतून शिकवण्याचा आग्रह तर २०२० च्या धोरणातच आहे. पण त्या गदारोळात एक साधा प्रश्न फार थोड्यांनी विचारला. ही तिसरी भाषा शिकवणार कोण? ज्या खोलीत पहिली आणि दुसरी एकत्र बसतात आणि ज्या मास्तरांची तालुक्याला बैठक आहे, तेच ना? मराठीच्या अस्मितेसाठी जमलेल्या सभांतही तिसरीतल्या मुलाला मराठीतली गोष्ट वाचता येत नाही, यावर कोणी मोर्चा काढा म्हणाले नाही.

लहान शाळांचे काय करायचे हा त्याहून अवघड प्रश्न, आणि इथे ठोकळेबाज उत्तर देणाऱ्यांपासून सावध राहावे. २०२३ मध्ये राज्याने वीसपर्यंत पट असलेल्या १४,७८३ शाळा मोजल्या. त्यांत सुमारे १ लाख ८५ हजार मुले. जवळजवळच्या अशा शाळा एकत्र करून समूह शाळा कराव्यात, मुलांना बसने आणावे, असा विचार पुढे आला. पानशेत आणि तोरणमाळ ही नमुन्याची ठिकाणे. पाच मुलांच्या शाळेत मूल एकटे पडते, खेळायला गडी नसतो, शिक्षकालाही हुरूप राहत नाही, हे खरेच आहे. पण सह्याद्रीतल्या वाडीवरून किंवा सातपुड्यातल्या पाड्यावरून बस म्हणजे कागदावरची बस. ओढ्याला पाणी आले की ती येत नाही. मग पहिल्यांदा घरी बसते ती मुलगी. ज्या गावाला रस्ता चांगला, अंतर थोडे, पालक राजी, तिथे शाळा जरूर एकत्र कराव्यात. पण पैसे वाचवणे हा हेतू ठेवून नव्हे. दोन शाळांचे चार शिक्षक एका शाळेत आले आणि चार इयत्तांना चार शिक्षक मिळाले, तर पालकच मुले घेऊन येतील. चाराचे दोन करायचे असतील तर त्याला विलीनीकरण म्हणू नये.

ऊसतोडणीला जाणाऱ्यांच्या मुलांना तर जवळची आणि लांबची असे दोन्ही शब्द लागू पडत नाहीत. बीड, अहिल्यानगर, जालना भागातून दिवाळीच्या सुमाराला बैलगाड्या, ट्रक, ट्रॅक्टर निघतात ते एप्रिलच्या आसपास परततात. शाळेचे वर्ष जूनला सुरू होते. म्हणजे मूल वर्षाचा बराचसा भाग फडावर. साखरशाळा झाल्या, हंगामी वसतिगृहे झाली, आजी-आजोबांकडे मूल ठेवायचे प्रयत्न झाले. यांतली वसतिगृहे जिथे वेळेवर उघडली तिथे उपयोगी पडली. अनुदान डिसेंबरात आले तिथे मूल तोवर फडावर पोहोचलेले असते. वरातीमागून घोडे म्हणतात ते हेच.

काय केले की जमते, हेही महाराष्ट्राला माहीत आहे. सातारा जिल्ह्यातल्या कुमठे बीटमधल्या जिल्हा परिषदेच्या शाळांनी दहा-बारा वर्षांपूर्वी पाठांतर बाजूला ठेवले. चिंचोके, मणी, काड्यांचे गठ्ठे-सुट्टे, फरशीवर आखलेल्या चौकटी, यांतून मुले स्वतः गणित मांडू लागली, आपल्या शब्दांत वाचू-लिहू लागली. पैसा फार लागला नाही. त्या बीटच्या विस्तार अधिकारी तपासणीला येण्याऐवजी शिक्षकांसोबत बसून शिकू लागल्या आणि एका शाळेत जमलेले दुसरीने उचलले. राज्यभरातून शिक्षक ते पाहायला गेले आणि जून २०१५ मध्ये ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’ हा कार्यक्रम आला. पुढे आपल्याकडे नेहमी होते ते झाले. अनेक शाळांच्या फरशा रंगल्या; ती फरशी रंगवण्याआधी झालेल्या शिक्षकांच्या बैठका मात्र रंगाबरोबर पोहोचल्या नाहीत. अधिकारी बदलले, ऑनलाइन भरायची माहिती वाढली. सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या शिक्षकाला, रणजितसिंह डिसले यांना, २०२० मध्ये जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला तेव्हा सत्कारांना गर्दी लोटली. एकेक चांगला शिक्षक डोक्यावर घ्यायला आपल्याला आवडते. चांगले शिक्षक घाऊक तयार व्हावेत म्हणून लागणारा कंटाळवाणा खर्च करायला आवडत नाही.

तो खर्च काय आहे? पहिली ते तिसरीच्या प्रत्येक वर्गाला एक पूर्णवेळ, पूर्ण पगाराचा शिक्षक. मानधनावरचा नाही, निवृत्त झालेला परत बोलावलेला नाही. बीएलओच्या कामासाठी आणि माहिती भरण्यासाठी केंद्र पातळीवर वेगळा कारकून. एका केंद्रात दहा-बारा शाळा असतात, त्यांना मिळून एक माणूस काही राज्याला बुडवणार नाही. अंगणवाडी सेविकेला पगार, आणि तिच्या अंगणवाडीत शिकवण्यासाठी राखून ठेवलेले दोन तास. ऊसतोड भागातली वसतिगृहे ऑक्टोबरला उघडलेली. धोरणातल्या शेकडो परिच्छेदांपैकी एवढ्याच ओळी राज्याने पाच वर्षे पाळल्या, तरी बाकीचे पुष्कळ आपोआप मार्गी लागेल. पैसे नाहीत असे कोणी म्हणालेच तर देशातल्या सर्वांत मोठ्या राज्य-अर्थव्यवस्थेचा अर्थसंकल्प काढून निवडणुकीच्या वर्षातल्या घोषणांपुढचे आकडे पाहावेत.

दरम्यान, वाचकांच्या हातातही एक कायदेशीर हत्यार आहे आणि ते गंजत पडले आहे. शिक्षणहक्क कायद्याने प्रत्येक सरकारी आणि अनुदानित शाळेला व्यवस्थापन समिती दिली आहे. तिचे तीन चतुर्थांश सदस्य पालक आणि निम्म्या महिला. बहुतेक गावांत तिची बैठक सह्यांपुरती होते. गावातले नोकरदार, पुण्या-मुंबईला गेलेले आणि सणाला परतणारे, ज्यांची स्वतःची मुले आता इंग्रजी शाळेत आहेत, तेही त्या बैठकीला जाऊन बसू शकतात; कोणी हाकलत नाही. पुढच्या बैठकीला जावे आणि दोनच गोष्टी इतिवृत्तात लिहून घ्याव्यात: तिसरीतल्या किती मुलांना दुसरीचे पुस्तक वाचता येते, आणि गेल्या महिन्यात त्यांचे शिक्षक किती दिवस वर्गाबाहेर होते.